गार इंजिनाची साक्ष

ये गं, अशी जवळ सरक. पण आधी चार शब्द ऐकून घ्यायचे, चहा मग. गाडी दारात आणून उभी केलीस, इंजिन चालू, काचा वर, आणि आत बसून फोनवर बोलतेयस. मी ओट्यावर हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी. शेजारीण मला विचारते, पाहुणी उतरणार आहे का तशीच परत जाणार आहे. फोनवर बोलायचं तर इंजिन बंद करावं, काच खाली घ्यावी, दारात लिंबाचं झाड आहे त्याची हवा घ्यावी. हसू नकोस. बंद काचांच्या चालू गाडीत बसलेलं माणूस मला अजून बघवत नाही. त्याला कारण आहे, आणि ते कारण केडगावला राहतं.

केडगावला आम्ही ज्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो, ते घरमालक. तू काही त्यांना पाहिलेलं नाहीस. आम्ही त्यांना मामा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला मामी. मामा कोर्टात कारकून होते. ते कोर्टातून निवृत्त झाले, पण कोर्ट काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. नळाला पाणी नाही म्हणून सांगायला गेलं, की पायरीवरच उभं करायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "वादीचं म्हणणं काय?" आपण म्हणायचं, मामा, पाणी नाही. तर म्हणायचे, ती झाली वस्तुस्थिती, म्हणणं सांगा. इकडं माझी खरकटी भांडी मोरीत पडलेली. पण एकदा म्हणणं नोंदवून घेतलं, की स्वतः पान्हा घेऊन टाकीवर चढणार. भाड्याच्या घरात असा मालक मिळत नाही गं.

त्यांच्याकडं बागेच्या हिरव्या पाइपाचा एक तुकडा होता, हातभर लांब. तो त्यांचा खरा दागिना. त्याचं एक टोक कानात आणि दुसरं टोक जे कुरकुरत असेल त्याला. आधी ऐकायचं, मग बघायचं, हात सगळ्यात शेवटी लावायचा, हा त्यांचा कायदा. फ्रिजला लावायचे, भिंतीवरच्या घड्याळाला लावायचे, पाण्याच्या मोटारीला तर रोज. माझ्या कुकरलाही लावणार होते, मी हाकललं. एकदा आमच्या ह्यांचे गुडघे दुखत होते, तर मामांनी त्यांना खुर्चीत बसवलं, गुडघ्याला पाइप लावला आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. शेवटी म्हणाले, "कुरकुर ऐकू येतेय. गुडघ्याची आहे का घरातल्या बाईंची, ते मात्र सांगता येत नाही." मी आतून ऐकत होते. त्या दिवशी मामांसाठी वाटीत काढलेली खीर मी परत पातेल्यात ओतली.

पण सगळ्यात जास्त ऐकायचे ते गाडीचं. मामांची अँबॅसिडर होती, दुधी रंगाची, जुनी, गोल बुडाची. एका डॉक्टरांकडून घेतलेली. तिच्याबद्दलची सगळी भाषा कोर्टातली. सुरू झाली नाही तर "आज गैरहजर". चढावर धापा टाकायला लागली की "फितूर झाली". ब्रेक नीट लागला की "आदेशाची अंमलबजावणी झाली". आणि त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, ते मला आजही पाठ आहे. म्हणायचे, "गार इंजिनाची साक्ष धरायची नाही. झोपेतून उठलेल्या माणसाला आणि गार इंजिनाला काही विचारू नये. दोघंही वाटेल ते बरळतात." म्हणून गाडीचं काहीही बघायचं असलं, की आधी ती केडगावच्या वेशीपर्यंत फिरवून आणायची, इंजिन चांगलं तापू द्यायचं, आणि मगच बॉनेट उघडायचं. या कायद्याला अपवाद नाही.

आता मामींचं ऐक. मामी खर्ड्याच्या. तुला किल्ल्याचं खर्डा माहीत असेल, जामखेडच्या पुढं. घरची शेती, माणसांनी भरलेलं मोठं खटलं, आणि बोलणं अगदी तिकडचं, मामांच्या कोर्टाच्या बोलण्यापुढं ते ऐकायला लई गोड वाटायचं. त्यांची आई खर्ड्याला होती, नव्वदीच्या पुढची. दर महिन्याला एकदा मामा-मामी गाडी घेऊन तिला भेटायला जायचे. मामींचे गुडघे असे, की एसटीची पायरी चढणं म्हणजे किल्ला चढणं. म्हणजे गाडी आहे तर आई आहे, असा हिशेब. मला एकदा भाजी निवडताना म्हणाल्या होत्या, "आईला आता फोनवर काय बी ऐकू येत न्हाई. जवळ जाऊन कानाशी बसावं लागतं, तवा कुठं दोन शब्द पोचत्यात."

गाडीची पत्र्याची शेड माझ्या स्वयंपाकघराला लागून होती, त्यामुळं खर्ड्याला निघण्याचा सगळा सोहळा मला खिडकीतून दिसायचा. सकाळची वेळ, गारठा. मामी शाल गुंडाळून पुढच्या सीटवर बसायच्या, थंडी बाधते म्हणून काचा घट्ट वर. मामा गाडी सुरू करायचे. सुरू झाली की लगेच आतून यायचं, चुक चुक चुक चुक. मामी बोटांनी सीटवर टकटक करायच्या, "कृष्ण कृष्ण" म्हणायच्या आणि सांगायच्या, थांबा, पाल बोलली, आता निघायचं न्हाई. निघताना पाल चुकचुकली तर थांबायचं, हे तर तुझ्या सासरीसुद्धा पाळत असतील. मामा कपाळाला हात लावायचे आणि तेवढ्या वेळात खाली उतरून घराची कुलपं बघून यायचे. पुढचं कुलूप, मागचं कुलूप, माळ्याची खिडकी, गॅस, टाकीचा कॉक. प्रत्येक कुलूप ओढून बघणार. परत येईतो आवाज थांबलेला. मग मामी म्हणायच्या, हं, आता चला.

मामांच्याही कानावर काहीतरी पडायचंच की, पण ते म्हणायचे, ते टॅपेट आहे. टॅपेट म्हणजे इंजिनातलं एक काहीतरी, ते सैल झालं की टिकटिक वाजतं. मामा गाडी तापवून आणायचे, बॉनेट उघडायचे, टॅपेट आवळायचे आणि निकाल जाहीर करायचे. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

मामींचा मात्र ठाम विश्वास, की गाडीत पाल आहे. एका दुपारी मला केरसुणी घेऊन बोलावलं. आम्ही दोघींनी गाडीच्या सीटा उचलल्या, गाद्या आपटल्या, पायपुसण्या झटकल्या. एक शेंगदाण्याची पुडी मिळाली आणि मामांचा हरवलेला चष्मा मिळाला. पाल नाही. मग पालीला मोर चालत नाही म्हणून मामींनी पुढं काचेपाशी मोरपिसं खोचली. त्यानं भागेना, तर अंड्याची टरफलं दोऱ्यात ओवून आरशाला टांगली. गाडी रस्त्यानं निघाली की लोक वळून बघायचे, नवरा-नवरी आहेत का जादूटोणा. मामा म्हणायचे, प्रतिवादीनं गाडीवर परस्पर ताबा मिळवलाय.

आणि मामींचं डोकं. खर्ड्याला पोचेपर्यंत डोकं ठणकायला लागायचं. उलटीसारखं व्हायचं. सगळे म्हणायचे, गाडी लागते. कुणी म्हणालं पित्त, कुणी म्हणालं उपाशी निघत जाऊ नका. मी आलेपाक करून देत होते, लिंबू देत होते. मला तरी काय कळणार.

एका मार्गशीर्षात थंडी फार होती. मामी गाडीत बसलेल्या, काचा वर, गाडी चालू, पाल चुकचुकतेय. मामा कुलपं बघायला गेलेले, आणि त्या दिवशी माळ्याच्या खिडकीची कडी लागेना म्हणून तिथंच अडकले. मामींना काहीतरी विसरलेलं आठवलं म्हणून त्या दार उघडून खाली उतरल्या, आणि पायातलं बळच गेलं. मी खिडकीतून बघितलं, तशीच हात कणकेचे घेऊन धावले. तुळशीकट्ट्याला टेकवून बसवलं. तोंड लाल, नजर ठरेना. मोकळ्या हवेत जरा वेळानं बऱ्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, बीपी ठीक आहे, विश्रांती घ्या.

संध्याकाळी मामींनी सांगून टाकलं, मी ह्या गाडीत बसायची न्हाई. पाल इतक्यांदा सांगती, आपन ऐकत न्हाई, आता तिनं हिसका दाखवला. मामा त्या रात्री जेवले नाहीत. मग ओट्यावर येऊन, आम्ही सगळे ऐकू असं म्हणाले, की ज्या गाडीत घरची माणसं बसत नाहीत ती गाडी ठेवून काय करायचं. राहाता गावचा एक माणूस मागं लागला होता त्यांच्या. जुन्या गाड्या फुलांनी सजवून नवरदेवाच्या वरातीला द्यायचा त्याचा धंदा. त्याला फोन करून रविवारी बोलावला.

ते तीन-चार दिवस घरात नुसती भांड्यांची आदळआपट. मामींना गाडी विकायची नव्हती, त्यांना फक्त बसायचं नव्हतं. मामांना विकायची नव्हती, त्यांना फक्त मामींनी बसायला हवं होतं. आणि खर्ड्याची आई तिकडं कान देऊन बसलेली. मी मधल्यामधी दोघांना चहा देत होते.

रविवारी सकाळी राहात्याचा माणूस आला. पांढरा शर्ट, काळा चष्मा, बोलायला अदबशीर. मामा गाडी तापवून आणायला निघालेलेच होते, चावी हातात. तर त्यानं पुढं होऊन बॉनेटवर तळहात ठेवला आणि म्हणाला, नको मामा, मला गारच दावा. मामा म्हणाले, हरकत आहे. तो म्हणाला, "हरकत कशाची? तापवून दावलेली गाडी म्हंजी पावडर लावून दावलेली नवरी. मला बिनापावडरची बघू द्या."

मामी पायरीवर बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मग तुमच्या नवरदेवांना बी तोंड न धुता वरातीत बसवत जा."

माणूस हसला, पण हटला नाही. चावी घेऊन स्वतः आत बसला, आणि मामांना म्हणाला, तुम्ही बॉनेट उघडा. मामांचा नाइलाज झाला. बघ हं, इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं. सकाळची गार गाडी, उघडं बॉनेट, आणि मामा त्याच्यापुढं उभे. एरवी गाडी सुरू होताना ते आत असायचे आणि मग कुलपांकडं.

गाडी सुरू झाली. चुक चुक चुक चुक.

मामींची बोटं पायरीवर वाजली. कृष्ण कृष्ण. मामांनी हात वर केला, सगळ्यांना गप्प करायला. तो माणूस आतून म्हणाला, काही नाही मामा, टॅपेट हाय, चालायचंच. मामांचं स्वतःचंच वाक्य ते. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्यांना ते अजिबात आवडलं नाही. मान तिरकी करून ते इंजिनावर वाकले. हळूहळू चुकचुक बारीक होत गेली, आणि थांबली. मामा वाकलेलेच.

"टॅपेट," ते सावकाश म्हणाले, "तापल्यावर गप्प बसत नाही."

मग सरळ झाले, बॉनेट लावलं आणि राहात्याच्या माणसाला सांगितलं, की आजची सुनावणी तहकूब. तो बिचारा म्हणाला, मग तारीख कधीची देता? मामा म्हणाले, कळवू. त्याला पोहे खाऊन जावं लागलं.

तो गेल्यावर मामा पायरीपाशी आले. मामी वरच्या पायरीवर, ते खालच्या पायरीवर बसले. चष्मा कपाळावर. मी दारात कोथिंबीर निवडत होते, ती त्या दिवशी मी पुन्हापुन्हा निवडली.

"ही तुझी पाल बोलते कधी?"

"सकाळी. गारठ्यात."

"आणि गप्प कधी होते?"

"तुमी कुलपं बघून येता तवर."

"खर्ड्याहून निघताना?"

"वस्तीला ऱ्हायलो तर सकाळी बोलती. दुपारी थांबून, जरा चहा घिऊन परत निगालो तर न्हाई. उनाची पाल बोलत न्हाई."

मामांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाले, हे आधी का नाही सांगितलं.

"दर बारीला सांगितलं की. तुमी म्हनायचा, बायकांचं खूळ हाय."

"तू पाल म्हणत होतीस. पालीचं मी काय करणार?"

"आन् तुमी टॅपेट म्हनत हुता, त्याचं तरी काय केलं? आवळून आवळून त्या बिचाऱ्याचा जीव घेतला. ते निर्दोष हुतं."

मामांना हसू आलं, पण त्यांनी ते नोंदवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्याबरोबर आमची वरात शेडमध्ये. दोन्ही दारं सताड उघडी. मामींनी रिठे उकळून फेस केला होता, दागिने धुवायला करतात तसा. माझ्या हातात ओलं फडकं दिलं आणि मला गाडीच्या मागं उकिडवं बसवलं. मामा म्हणाले, मी खूण केली की धुराच्या नळीच्या तोंडावर फडकं धरायचं, जरासंच, आणि तोंड बाजूला. कोंडमारा झाला की चोर दुसरीकडून बोलतो. मी म्हटलं, मामा, मी स्वयंपाकाला बसलेली बाई. म्हणाले, आज पंच म्हणून हजर राहा.

इंजिनाच्या अंगाला जिथं धूर बाहेर नेणारा लोखंडी जोड बसवलेला असतो, तिथं सगळीकडं मामींनी जुन्या रंगाच्या ब्रशनं रिठ्याचा फेस लावला. आमच्या ह्यांनी चावी फिरवली. मामांच्या कानात हिरवा पाइप. खूण झाली, मी फडकं धरलं, आणि चुकचुक एकदम मोठी झाली, पालींचं अख्खं खटलं जमावं तशी. जोडाच्या अगदी मागच्या टोकाला फेसाचे बुडबुडे उठायला लागले, दूध उतू जाताना उठतात तसे. पुसून बघितलं तर तिथं काजळीचा काळा ओघळ. मधलं पॅकिंग जळून गेलेलं. गार असताना तिथून धूर फुसफुसत होता, आणि लोखंड तापून फुगलं की फट आपोआप बंद. म्हणजे मामांनी तापवून आणून जी गाडी तपासली, ती दर वेळी शहाण्यासारखी तोंड मिटून उभी होती.

मामी वाकून बघत म्हणाल्या, "हितं बसली हुती व्हय."

सगळे हसलो. मामा हसले नाहीत. ते गाडीच्या आत वाकून बघत होते. जिथं पाय ठेवायचे तिथं, ब्रेकच्या दांड्याजवळ एक भोक होतं, त्याचं रबर केव्हाच गळून पडलेलं. बुडबुडे उठत होते त्याच्या नेमकं मागं ते भोक. तिथून धूर आत. आणि आत मामी, काचा वर करून, पाल गप्प होण्याची वाट बघत बसलेल्या.

मामांनी सीटच्या कडेवरून हात फिरवला. मग मामींकडं न बघता म्हणाले, "मी कुलपं बघत होतो."

मामींनी फेसाचं पातेलं खाली ठेवलं आणि मामांच्या हातावरची काजळी पदरानं पुसली.

दुरुस्ती मामांनी स्वतःच केली. एक बोल्ट काढताना तुटला, त्याला कोर्टात न चालणारे शब्द ऐकावे लागले. नवं पॅकिंग बसलं, भोकाला रबर बसलं. मोरपिसं मात्र काढू दिली नाहीत मामींनी. राहात्याच्या माणसाला फोन गेला, की दावा निकाली निघाला, गाडी घरातच राहील.

मग खर्डा. मलाही नेलं, पंच म्हणून. मामी शाल घेऊन बाहेर उभ्या राहिल्या, मामाही त्यांच्या शेजारी उभे राहिले, आणि आमच्या ह्यांनी गाडी सुरू केली. आवाज नाही. तरी मामींनी चारही काचा खाली घ्यायला लावल्या. जामखेडच्या रस्त्यानं आम्ही असे गारठलो, की माझे दात वाजत होते. मामा म्हणाले, हे टॅपेट कुणाचं वाजतंय?

खर्ड्याला पोचलो तेव्हा आजी, म्हणजे मामींची आई, अंगणात बाजेवर उन्हाला बसली होती. लेकीला बघितलं, हात चाचपला, आणि पहिलं काय म्हणाली सांगू? म्हणाली, "जा, आतल्या अंधाऱ्या खोलीत उशी काढून ठिवलीय. पड जा घटकाभर." दर महिन्याला लेक यायची, डोकं बांधून त्या खोलीत पडायची, उठायची तोवर परत निघायची वेळ झालेली असायची. म्हणून म्हातारीनं आपली सकाळीच उशी काढून ठेवलेली.

मामी तिच्या कानाशी बसल्या. मोठ्यानं म्हणाल्या, आई, आज डोकं दुखत न्हाई.

आजीनं त्यांच्या तोंडाकडं निरखून बघितलं. खरं आहे अशी खात्री करून घेतली. मग बाजेवर सरकून जागा केली आणि म्हणाली, "मग बस. मला लई बोलायचं हाय."

काय बोलल्या त्या दोघी ते मला माहीत नाही. मी लांब होते, आणि ऐकायचं नव्हतंच. पण ऊन भिंतीवर चढलं, भाकरी झाल्या, जेवणं झाली, ऊन कलायला लागलं, तरी आजीचं चाललेलंच. एरवी मामा दुपार कलली की "चला, चला" करून जीव खायचे. त्या दिवशी ओट्यावर बसून होते. शेवटी मीच जाऊन म्हटलं, मामा, रस्त्यात अंधार होईल. मामांनी बोटानं मला गप्प केलं. म्हणाले, "चालू द्या. साक्ष पुरी होऊ द्या."

आजी त्यानंतर पुढचा एक उन्हाळा होती. दर महिन्याला गाडी गेली. उशी आतल्या खोलीतनं पुन्हा कपाटात गेली.

आता तुझा चहा घे. तुझी ही धावती भेट मी भेट म्हणून धरत नाही हं. पुढच्या महिन्यात ये, लवकर ये, सुट्टी घेऊन ये. दमून येशील, पण मी काही उशी काढून ठेवायची नाही.